रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय: फायब्रोमायल्जियाचं काय करायचं?

प्रश्न: माझ्या पत्नीचं वय ४१, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. साडेतीन वर्षांपासून मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असं सगळं अंग दुखतं. सकाळी उठते तीच दमलेली. हल्ली विसरायलाही लागली आहे. आमवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, सूज दाखवणारा ईएसआर १८, थायरॉईड नॉर्मल. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीचा रिपोर्ट) १:८० पॉझिटिव्ह आला म्हणून आम्ही घाबरलो. एका डॉक्टरांनी ‘मानसिक आहे’ म्हटलं, दुसऱ्यांनी ‘फायब्रोमायल्जिया’. सध्या प्रीगॅबालिन ७५ दोन वेळा आणि रोज एक वेदनाशामक गोळी चालू आहे. गरगरतं, वजन चार किलो वाढलं, दुखणं जिथल्या तिथं. आईचं म्हणणं, हल्लीच्या मुलींना काम नको असतं. हा खरा आजार आहे का? पुढं अपंगत्व येतं का? बरा होतो का, आणि कशानं?

उत्तर:

जे थोडक्यात सांगता येतं ते आधी सांगतो. आजार खरा आहे. सांधे किंवा स्नायू खराब होऊन येणारं अपंगत्व यात येत नाही. या आजारात सांधे वाकडे होत नाहीत, स्नायू सुकत नाहीत. काहींचं दुखणं पूर्ण थांबतं. बऱ्याच जणांचं इतकं आटोक्यात येतं की घर, नोकरी, सणवार, प्रवास सगळं पुन्हा सुरू होतं. ‘कशानं’ या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावं लागेल. तुम्ही लिहिलेल्या उपचारांत गोळ्या दोन आहेत, पण झोपेचा आणि चालण्याचा उल्लेख कुठेच नाही. माझा आग्रह नेमका उलट्या क्रमाचा असतो. झोप आधी, मग हालचाल, आणि या दोन्ही जमाव्यात एवढ्यापुरतं औषध.

पण त्याआधी निदानाचं बघू, कारण घरातल्या सगळ्यांना ते पटलं नाही तर पुढचं काहीच नीट होत नाही.

ओपीडीत मला पहिली शंका बरेचदा बीपी घेताना येते. पट्टा फुगायला लागला की पेशंट कळवळतो, दुसऱ्या हातानं पट्टा धरतो, ‘पुरे, पुरे’ म्हणतो. इतरांना जिथं फक्त आवळल्यासारखं वाटतं तिथं यांना चक्क दुखतं. अशा बायका मग आपणहून सांगतात की बांगड्या भरताना हात दाबला तरी जीव जातो, मुलानं येऊन गळ्यात हात टाकला तरी नको वाटतं. मग मी अंगठ्यानं दाबून बघतो. मान आणि खांदा यांच्या मधला जाड स्नायू, कोपराची बाहेरची बाजू, गुडघ्याच्या आतल्या अंगाची मऊ गादी. दाब किती, तर अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका, म्हणजे साधारण ४ किलो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या १९९० च्या निकषांत अशा १८ जागा ठरवलेल्या होत्या, त्यातल्या ११ दुखल्या की निदान पक्कं. २०१० मध्ये हा हिशेब मागं पडला. आता शरीराचे १९ भाग धरून त्यातले किती दुखतात ते विचारतात, आणि थकवा, ताजंतवानं न करणारी झोप, डोक्यातला गोंधळ यांची तीव्रता मोजतात. हे सगळं किमान तीन महिने टिकलेलं हवं. २०१६ च्या सुधारणेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जिया त्याच्या जोडीनं असू शकतो. आमवाताच्या पेशंटमध्ये हे फार वेळा दिसतं. सूज उतरलेली असते, रक्ताचे रिपोर्ट चांगले असतात, तरी अंग दुखतच असतं, आणि अशा वेळी आमवाताची औषधं वाढवून काही हाती लागत नाही.

तुमच्या मिसेसचं विसरणंही यातच येतं. हातातली किल्ली शोधणं, वर्गात बोलता बोलता साधा शब्द न आठवणं, भाजीत मीठ घातलं की नाही ते न कळणं. याला आम्ही ‘फायब्रो फॉग’ म्हणतो. स्मृतिभ्रंशाची ही सुरुवात नव्हे. हे त्यांना स्पष्ट सांगा, कारण ही भीती बहुतेक बायका मनातच ठेवतात.

आता रिपोर्ट नॉर्मल येऊनही दुखतं कसं? रक्ताच्या तपासण्या सूज शोधतात, एक्स-रे आणि एमआरआय हाडं-चकत्या बघतात. यांपैकी कशातच या आजाराचं मूळ नाही. मूळ आहे वेदनेचे संदेश वाहणाऱ्या आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. तोंड आलेलं असताना साधा वरणभातही झोंबतो, तसं इथं सगळ्या अंगाचं झालेलं असतं. फरक एवढाच की इथं आरशात दाखवायला फोड नसतात.

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. २००२ मध्ये अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या पेशंटच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचा फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा एमआरआय, काढला. निरोगी माणसांना जेवढी वेदना व्हायला सुमारे ४ किलोचा दाब लागला, तेवढी वेदना पेशंटना अडीच किलोच्या आतच झाली, आणि मेंदूतले वेदनेचे भागही तितकेच उजळले. दुखण्याचं सोंग करणाऱ्याला मेंदूचे नेमके भाग सहजी उजळवता येत नाहीत. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेचा संदेश पुढं नेणारं रसायन या पेशंटमध्ये जवळपास तिप्पट सापडलं आहे. उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी जी यंत्रणा असते, तिचा जोर कमी पडतो. २०१३ च्या सुमारास बऱ्याच पेशंटच्या त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंची संख्या कमी असल्याचंही दिसलं. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटानं पेशंटच्या रक्तातली अँटिबॉडी उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले. उपचारात यानं अजून काही बदललेलं नाही, पण ‘काहीच सापडत नाही’ असं म्हणण्याचे दिवस गेले.

कुणाला होतो? सगळ्या जगात शंभरात दोन ते चार जणांना. बायकांमध्ये जास्त, पण पुरुष सुटत नाहीत. पुरुषांचं निदान उशिरा होतं, कारण ‘अंग दुखतं’ हे ते सांगतच नाहीत, कंबरेपुरतं बोलतात. सख्ख्या नात्यात असेल तर धोका एका अभ्यासात सुमारे ८ पट निघाला. तुमच्या सासूबाईंना, म्हणजे मिसेसच्या आईला, आयुष्यभर ‘वात’ होता का, डोकं उठायचं का, पोट बिघडायचं का, हे विचारून बघा. अर्धशिशी, पोट वारंवार बिघडवणारा आयबीएस, जबड्याचं दुखणं आणि हा आजार हे बरेचदा एकाच घरात नांदतात. ठिणगी मात्र पुष्कळदा बाहेरून पडते. अपघात, बाळंतपण, घरातलं आजारपण, लांबलेलं टेन्शन किंवा ताप. महाराष्ट्रात २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर सांधे मोकळे झाले तरी अंगदुखी न गेलेले लोक आम्ही सगळ्यांनीच बघितले, आणि कोविडनंतर तेच पुन्हा बघितलं.

‘मानसिक आहे’ या शेऱ्याबद्दल. नैराश्य आणि चिंता या पेशंटमध्ये इतरांपेक्षा बरीच जास्त असते, हे खरं. तीन वर्षं दुखत असताना आणि कुणी विश्वास ठेवत नसताना ती वाढते, हेही खरं. पण ज्यांना नैराश्याचा लवलेश नाही अशांनाही हा आजार होतो. तेव्हा नैराश्य असेल तर त्याचा स्वतंत्र उपचार करायचा, आणि दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणायचं नाही. तुमच्या आईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. सुनेनं सांगितलेलं पटत नाही, मुलानं सांगितलेलं बायकोची बाजू वाटते, तेच डॉक्टरांनी सांगितलं की बहुधा पटतं. हे मी अनेक घरांत बघितलंय.

एएनएचं घाबरू नका. १:८० हा आकडा निरोगी माणसांतही शंभरात तेरा-चौदा जणांना येतो. अंगावर चट्टे नाहीत, तोंडात वारंवार फोड नाहीत, सांध्यांना सूज नाही, लघवी स्वच्छ आहे, तर या आकड्याला एकट्याला अर्थ नाही, आणि दर सहा महिन्यांनी तो पुन्हा करण्यालाही नाही. असाच एक चुकीच्या जागी वापरला जाणारा रिपोर्ट म्हणजे एएसओ टायटर, घशाच्या एका जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडीचा. मोठ्या माणसाच्या अंगदुखीत तो वाढलेला दिसला म्हणून महिनोन्‌महिने पेनिसिलीनची इंजेक्शनं घेतलेले पेशंट येतात. घशाला पूर्वी कधीतरी त्या जिवाणूचा संसर्ग झाला होता, एवढाच बरेचदा त्याचा अर्थ असतो.

काही गोष्टी मात्र एकदा नीट तपासलेल्या असाव्यात. हिमोग्लोबिन, सूज दाखवणारं सीआरपी, साखर, थायरॉईड, कॅल्शियम, हाडांसाठी अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, स्नायूंचा सीपीके आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. यातलं व्हिटॅमिन डी आपल्याकडे फार महत्त्वाचं. त्याची कमतरता खूपच असेल तर हाडं मऊ पडतात, आणि ते दुखणं हुबेहूब फायब्रोमायल्जियासारखं वाटू शकतं. फरक कसा ओळखायचा? नडगीचं हाड किंवा बरगडी दाबली की दुखतं, खाली मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, चाल डुलत येते, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असतं. तसं असेल तर तो वेगळा आजार, आणि तो पूर्ण बरा होतो. पण डी किरकोळ कमी असलं तर ते भरून काढून फायब्रोमायल्जिया जात नाही. आठवड्याला एक ६०,००० युनिटचं सॅशे ठरावीक आठवडे घ्यायचं आणि थांबायचं. दुखतंय म्हणून इंजेक्शनांवर इंजेक्शनं घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलेले पेशंट मी बघितलेत. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यामुळंही स्नायू दुखू शकतात.

आता उपचार. सुरुवात झोपेपासून.

१९७५ मध्ये टोरांटोला एक साधा प्रयोग झाला. निरोगी विद्यार्थ्यांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची, पूर्ण जागं मात्र करायचं नाही. दोन-तीन रात्रींत त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की दुखायला लागलं. नीट झोपू दिल्यावर ते गेलं. म्हणून ‘ती तर रात्री दहाला झोपते ती सहापर्यंत’ एवढ्यावर थांबू नका. आठ तास अंथरुणात असणं वेगळं आणि गाढ झोप लागणं वेगळं.

एक रात्र तुम्ही जागून त्यांच्याकडे लक्ष द्या. त्या घोरतात का? मध्येच श्वास अडकून दचकल्यासारखं होतं का? तसं असेल तर स्लीप ॲप्निया तपासायला हवा, वजन वाढल्यावर तर नक्कीच. पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं आहे का? मग फेरिटिन बघा. हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असतं, आणि लोह दिल्यावर पाय शांत होतात. आणि हो, तुम्ही स्वतः घोरत असाल तर काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपा. यात अपमान काही नाही.

बाकी नियम साधे आहेत, पण पाळावे लागतात. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच. चार वाजल्यानंतर चहा नाही. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड जातं, शाळेतून आल्यावरचा चहा सुटत नाही, मग तो चारच्या आत घ्यायचा. दुपारी डोळा लागला तर वीस मिनिटांचा गजर. अंथरुणात मोबाईल नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या वह्याही नाहीत. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं.

झोप थोडी सावरली की चालणं. इथं सगळ्यात मोठा गैरसमज असतो: ‘दुखणं कमी झालं की व्यायाम सुरू करीन.’ या आजारात क्रम उलटा आहे. दुखणं आहे तोवरच सुरुवात करायची, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी दुखणं उतरायला लागतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं, युलारनं, २०१६ मध्ये सगळे उपचार पुराव्याच्या तराजूत टाकले. त्यात ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. एकाही गोळीला नाही.

पण तो कसा करायचा हे कुणी सांगत नाही, आणि तिथंच माणसं हरतात. नेहमीचा प्रकार असा. एखादा दिवस बरा उगवतो. मग त्या दिवशी राहिलेलं सगळं काढायचं. माळा साफ, चादरी धुवायच्या, दोन दिवसांच्या भाज्या निवडायच्या. दुसऱ्या दिवशी अंग आंबतं, तिसऱ्या दिवशी उठवत नाही, चार दिवस अंथरूण. पुन्हा बरा दिवस, पुन्हा तेच. दिवाळीच्या साफसफाईनंतरचा आठवडा आमच्या ओपीडीत दरवर्षी असाच गर्दीचा. यातून मेंदू काय शिकतो, तर हालचाल म्हणजे धोका.

म्हणून मी असं सांगतो. किती चाललं की दुखणं वाढतं ते तीन दिवस बघा. समजा बारा मिनिटं. मग सुरुवात सहा मिनिटांनी, सकाळी आणि संध्याकाळी. दुखणाऱ्या दिवशी सहा, आणि बऱ्या दिवशीसुद्धा सहाच. हे बऱ्या दिवशीचं थांबणं सगळ्यांना जड जातं, पण खरं औषध तेच आहे. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. तीन महिन्यांत अठरा-एकोणीस मिनिटांपर्यंत गाडी येते. पहिले दोन-तीन आठवडे अंग थोडं जास्त दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरत असेल तर चालू ठेवा. दोन दिवसांनीही तेवढंच असेल तर एक पायरी खाली या, बंद करू नका. पुढं हलकी ताकद वाढवणारे व्यायाम जोडा: पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन हात वर-खाली, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. कोमट पाण्याचा तरणतलाव जवळ असेल तर उत्तम, पण तो किती गावांत असतो! योगासनं चालतात, फक्त पवनमुक्तासनासारख्या सौम्य प्रकारांपासून. पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावणारे उत्साही शिक्षक या पेशंटना महिनाभर मागं नेतात.

घरकामालाही हाच नियम. पोळ्या एकदम वीस लाटण्यापेक्षा कणीक तुम्ही मळा, त्यांनी दहा लाटाव्यात, बसावं, मग उरलेल्या. शाळेत फळ्यापाशी सलग तास उभं राहू नये, टेबलाजवळ उंच स्टूल मागून घ्यावं. मुख्याध्यापकांना आजाराचं नाव सांगायचं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण स्टूल मागायला नाव लागत नाही.

आता गोळ्या. प्रीगॅबालिनला २००७, ड्युलोक्सेटिनला २००८ आणि मिलनासिप्रानला २००९ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. जुनी आणि स्वस्त ॲमिट्रिप्टिलिन त्याआधीपासून वापरात आहे आणि अजूनही चांगली आहे. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. प्रीगॅबालिनचा हिशेब असा निघतो की नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या तुलनेत दर दहांमागे साधारण एका पेशंटला ठळक जास्तीचा फायदा होतो. ज्याला होतो त्याला फारच छान होतो. ज्याला होत नाही त्यानं ती वर्षानुवर्षं घेत राहू नये. तुमच्या मिसेसना गरगरतं, वजन वाढलं आणि उपयोग शून्य, तर त्या दुसऱ्या गटातल्या दिसतात. डॉक्टरांशी दोन पर्यायांवर बोला. एक, सकाळची गोळी काढून फक्त रात्रीची ठेवणं, कारण गुंगी रात्री कामाला येते. दोन, ती उतरवत नेऊन त्याऐवजी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, किंवा थकवा आणि उदासी जास्त असेल तर ड्युलोक्सेटिन. प्रीगॅबालिन एकदम तोडू नका. झोप उडते, घाम येतो, बेचैनी होते, आठवड्या-दोन आठवड्यांत कमी करत न्यावी लागते. आणि ती चालू असेपर्यंत गरगरत असताना स्कूटी चालवायची नाही.

ॲमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, सकाळी जडपणा येतो, म्हणून मात्रा कमी आणि वेळ लवकर. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ती आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ड्युलोक्सेटिननं पहिला आठवडा मळमळतं, जेवणानंतर घेतली की सोसते. लिव्हरचा आजार असेल तर टाळायची, आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाबरोबर स्वतःच्या मनानं जोडायची नाही.

इथं एक हमखास प्रसंग घडतो. गोळी घरी येते, कुणीतरी मोबाईलवर नाव टाकून बघतं आणि म्हणतं, ‘अगं, ही तर डिप्रेशनची गोळी आहे!’ पाकीट कपाटात जातं. ही औषधं नैराश्यावर चालतात हे खरंच आहे, पण मेंदूकडून खाली येणारी वेदना दाबणारी जी यंत्रणा मी वर सांगितली, ती ज्या रसायनांवर चालते तीच रसायनं ही औषधं वाढवतात. ॲमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची मात्रा तर नैराश्याच्या मात्रेच्या जवळपासही नसते. कोणतंही औषध चार ते सहा आठवडे नीट घेतल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नका, आणि तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर उगाच ओढू नका.

रोजची वेदनाशामक गोळी मात्र बंद करायच्या यादीत पहिली. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी औषधं. इथं सूजच नाही, मग ती काय उतरवणार? वर्षानुवर्षं घेतली तर जठराला आणि किडनीला फटका. किडनीची क्रिएटिनिन तपासणी केली नसेल तर आधी ती करा. स्टेरॉईडचाही उपयोग नाही. उलट स्टेरॉईडनं दुखणं झपाट्यानं गेलं तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. म्हणूनच लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’पासून लांब राहा. दोन दिवसांत अंग हलकं करणाऱ्या पुडीत बरेचदा स्टेरॉईडच निघतं. तोंड सुजायला लागलं, साखर चढली की उमगतं.

मालिश, शेक, गरम पाण्याची आंघोळ खुशाल करा. हलक्या हातानं, आणि शक्यतो चालायला जाण्याआधी. रगडून केलेल्या मालिशनं यांना दोन दिवस जास्त दुखतं. आहाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दही बंद, भात बंद, वांगं-बटाटा वातूळ, आंबट तर बघायचंच नाही, अशी लांबलचक पथ्यं करून माणसं अशक्त होतात आणि दुखणं राहतं ते राहतंच. यातल्या कशाचाही या आजाराशी संबंध सिद्ध झालेला नाही. वाढलेलं वजन उतरलं तर मात्र फरक पडतो.

जिथं वेदनेसाठी सीबीटीचे, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचे, प्रशिक्षित समुपदेशक मिळतात तिथं आठ-दहा बैठका जरूर घ्याव्यात. समुपदेशनाला पाठवलं म्हणजे वेड लागलं असं नव्हे. दुखत असताना काम कसं वाटून घ्यायचं, ‘आता माझं कधीच बरं होणार नाही’ हा विचार कसा हाताळायचा, हे तिथं शिकवतात, आणि त्यानं दुखणं मोजून कमी होतं.

तुमच्याकडून काय हवं? ‘आज किती दुखतंय?’ हे दिवसातून चारदा विचारू नका. काळजीपोटी विचारता हे कळतं, पण प्रत्येक वेळी लक्ष पुन्हा तिकडंच जातं. ‘आज चालून आलीस का?’ हे विचारा, जमलं तर सोबत जा. सगळी कामं काढून घेऊन त्यांना बसवूनही ठेवू नका. प्रगती दुखण्याच्या आकड्यावर मोजू नका, जमणाऱ्या कामांवर मोजा. तीन महिन्यांपूर्वी बाजारातून पिशवी आणता येत नव्हती, आता येते, हे सुधारणं आहे, जरी त्या ‘दुखतंच आहे अजून’ म्हणत असल्या तरी. दुखण्याचा आकडा सहसा सगळ्यात शेवटी खाली येतो. मध्ये उलटाही पडेल. पावसाळ्याच्या तोंडाला, परीक्षेच्या दिवसांत, घरात लग्नकार्य असलं की. तेव्हा गोळी वाढवण्याआधी झोप आणि चालणं कुठं सुटलं ते बघा.

शेवटी, निदान एकदा झालं म्हणून पुढची प्रत्येक तक्रार याच खात्यात टाकू नका. सांध्याला डोळ्यांना दिसणारी सूज आली, सकाळी बोटं तासाभराहून जास्त आखडायला लागली, विनाकारण वजन उतरलं, बारीक ताप राहायला लागला, नुसतं दुखण्याऐवजी खरोखर ताकद कमी झाली, म्हणजे जिना चढवेना, केस विंचरायला हात वर जाईना, तर ताबडतोब संधिवाततज्ज्ञांकडे जा. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच खांदे आणि मांड्या अशा एकदम धरल्या तर तो बहुधा वेगळा आजार असतो. तुमच्या घरात कुणाचं तसं झालं तर फायब्रोमायल्जियावर ढकलू नका. आणि मिसेस कधी ‘नको हे जगणं’ अशा अर्थाचं बोलल्या तर ते बोलणं उडवून लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.